सायकलीला गाडीत जागा मिळेल का?

खेड्यातल्या माणसाची हक्काची वाहने दोन. एक सायकल आणि दुसरी पॅसेंजर गाडी. दोघीही स्वस्त, दोघीही संथ आणि दोघींचा स्वभावही सारखाच, लहान गाव दिसले की थांबायचे. सायकल घराच्या ओट्यापासून स्टेशनपर्यंत नेते, गाडी पुढे तालुक्याला किंवा जिल्ह्याला पोचवते. पण तिथे उतरल्यावर पुन्हा पंचाईत. मार्केट यार्ड स्टेशनपासून दोन-तीन किलोमीटर, कॉलेज गावाच्या दुसऱ्या टोकाला आणि एमआयडीसी त्याहून लांब. रिक्षाने जावे तर एका खेपेचे पैसे रेल्वेच्या तिकिटाहून जास्त होतात. मग मनात येते, आपली सायकल बरोबर आणता आली असती तर?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर साधे नाही. रेल्वेचा नियम एक सांगतो, आजवरची वहिवाट दुसरेच सांगते आणि नव्या गाड्यांची बांधणी तिसरेच काही सांगते. या तिन्हींच्या मध्ये सापडलेला माणूस मात्र एकच. ज्याच्या घरी मोटरसायकल नाही तो.

पायी चार, सायकलीने बारा

एखाद्या हॉल्ट स्टेशनचा उपयोग किती गावांना होतो, याचा हिशेब आपण सहसा करत नाही. पायी चालणारा माणूस तासाभरात फार तर चार-पाच किलोमीटर जातो. म्हणजे स्टेशनच्या चारी बाजूंना चार किलोमीटरचा घेर धरला तर सुमारे ५० चौरस किलोमीटर मुलूख त्या स्टेशनला जोडला जातो. तोच माणूस सायकलवर असेल तर तासाभरात बारा किलोमीटर सहज येतो. घेर तिप्पट झाला की मुलूख तिप्पट होत नाही, नऊपट होतो. ५० चे साडेचारशे चौरस किलोमीटर होतात. एका सायकलीने स्टेशन नऊपट मोठे केले, असेच म्हणायचे!

हे कागदावरचे गणित झाले. प्रत्यक्षात मध्ये नदी असते, नाला असतो, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये अडकून चाक फिरेनासे होते. तरीही रूळाकाठच्या गावांत ही जोडी पिढ्यान् पिढ्या चालली. पहाटेच्या गाडीला दूधवाले येत, कॅरियरच्या दोन्ही अंगांना कॅन लटकवून. भाजीवाल्या बायका पाटी डोक्यावर घेऊन चालत येत आणि घरचा माणूस पोते सायकलच्या दांड्यावर टाकून ढकलत आणी. शाळा-कॉलेजची पोरे डबल सीट येत. गिरणीत, सूतगिरणीत, कारखान्यात पाळीला जाणारा कामगार सायकल स्टेशनबाहेरच्या पानटपरीला टेकवून, कुलूप लावून गाडी गाठे.

ज्याचे काम स्टेशनजवळच होते त्याला एवढे पुरे होते. पण ज्याला उतरल्यावर गावभर फिरायचे, घरोघर दूध घालायचे, भंगार गोळा करायचे, भांडी किंवा कपडे विकायचे, त्याची सायकल म्हणजे त्याचे दुकानच. दुकान मागे ठेवून तो धंद्याला कसा जाणार? म्हणून सायकल गाडीत चढली.

"गार्डसाहेब, टाकू का?"

पूर्वीच्या पॅसेंजरला दोन्ही टोकांना अर्धा प्रवाशांचा आणि अर्धा सामानाचा असा डबा असे. रेल्वेच्या भाषेत तो एसएलआर, लोकांच्या भाषेत गार्डचा डबा. सायकलीची खरी जागा तीच. मोठ्या स्टेशनवर पावती करून सायकल तिथे चढे. लहान स्टेशनवर मात्र कारभार तोंडी चाले. गाडी जेमतेम मिनिटभर थांबणार, त्यात "साहेब, दोन टेसनं पुढं उतरतो, टाकू का?" अशी विनवणी व्हायची. गार्डने मान हलवली की सायकल आत. नाही हलवली की सायकलवाला धावत पुढच्या डब्याकडे.

आणि मग ती सायकल संडासाजवळच्या मोकळ्या जागेत, दोन दारांच्या मध्ये उभी राहायची. हँडल कुणाच्या बरगडीत, पायडल कुणाच्या पोटरीत, चेनचे काळे वंगण कुणाच्या धुतल्या धोतराला. भांडण ठरलेले. पण दोन स्टेशने गेली की भांडणारेच उतरताना मागचे चाक धरून द्यायचे. खेड्यातल्या गाडीचा हा रिवाज होता.

याहून वाईट प्रकार म्हणजे खिडकीच्या गजाला बाहेरून सायकल टांगणे. दुधाचे कॅन आणि सायकली अशा टांगलेल्या गाड्या देशात अनेक ठिकाणी लोकांनी पाहिल्या आहेत. फोटोत ते मोठे मौजेचे दिसते. पण सिग्नलचा खांब, पुलाचा कठडा किंवा फलाटावर उभा असलेला माणूस यांच्यापासून ती सायकल किती अंतरावर असते? टपावर सायकल टाकण्याचा विचार तर आता मनातही आणू नये. विजेवर चालणाऱ्या मार्गांवर डोक्यावरची तार २५ हजार व्होल्टची असते. तिला हात लागण्याचीही गरज नाही, नुसते जवळ जाणेच जिवावर बेतते. टपावरून किंवा पायरीवर लटकून प्रवास करणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १५६ प्रमाणे गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पण शिक्षेपेक्षा तारेची भीती बाळगलेली बरी.

छोट्या रुळांचे दिवस

सायकलवाल्यांचे खरे सुख होते ते नॅरोगेजवर. महाराष्ट्रात या अडीच फुटी रुळांचे जाळे एके काळी चांगले पसरलेले होते. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि पुढे एका अंगाला लातूरपर्यंत, दुसऱ्या अंगाला पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत गेली. वऱ्हाडात मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि दुसरा अचलपूरला जाई. तीच आपली शकुंतला. खानदेशात पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची गाडी वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत जाई. तिला सगळे प्रेमाने 'पीजे' म्हणत. नागपूरहून नागभीडला जाणारी गाडीही त्याच कुळातली.

या गाड्यांचा डबा बुटका. जमिनीवरून दोन हातांनी सायकल उचलली की पायरीवर आलीच. गाडीचा वेग असा की सायकलवाल्याने तिच्याशी शर्यत लावावी. शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. मूर्तिजापूर ते यवतमाळ हे ११३ किलोमीटर जायला तिला चार तासांहून अधिक लागत. वाटेतल्या बऱ्याच स्टेशनांवर रेल्वेचा माणूसच नसे, त्यामुळे गार्डच खाली उतरून तिकिटे द्यायचा. जिथे तिकीट देणारा, झेंडी दाखवणारा आणि सामान बघणारा माणूस एकच, तिथे सायकलीचा प्रश्न जागेवरच सुटतो.

ते दिवस आता गेले. बार्शीच्या मार्गाचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले. त्याचा फायदाही झाला, लातूर-पंढरपूरकडच्या लोकांना थेट मुंबईची गाडी मिळाली. नागपूर-नागभीड नॅरोगेज नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. शकुंतलेच्या दोन्ही फाट्यांवर आज गाडी नाही. पीजे मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती नॅरोगेजवर पुन्हा सुटलीच नाही. मोठ्या रुळांची वाट बघणे चालू आहे. रूळ मोठे व्हावेत, याबद्दल कुणाचे दुमत नाही. पण मोठ्या रुळांवरून येणारी गाडी छोट्या गावाला थांबणार का आणि थांबली तर तिच्यात काय चढवू देणार, हे विचारायला हवे.

नियम काय सांगतो?

याबाबत गैरसमज फार आहेत, म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. सेकंड क्लासच्या प्रवाशाला ३५ किलोपर्यंत सामान फुकट नेता येते. साधी काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. तेव्हा अनेकांना वाटते की ती या सवलतीत बसते. तसे नाही. सायकल, स्कूटर अशा वस्तूंना फुकट सामानाची सवलत लागूच नाही. वजन कितीही कमी असले तरी तिचे वेगळे भाडे भरावे लागते आणि ती प्रवाशांच्या डब्यात नव्हे, सामानाच्या डब्यात जायला हवी.

ती पाठवण्याच्या दोन रीती आहेत. प्रवासाचे तिकीट दाखवून त्याच गाडीने न्यायची असेल तर ती 'लगेज' म्हणून बुक करतात. त्यासाठी गाडी सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी लगेज ऑफिसात सायकल घेऊन हजर राहावे. तिकिटाशिवाय नुसती पाठवायची असेल तर ती 'पार्सल' होते. पार्सल स्वस्त पडते, पण त्याच गाडीत जागा मिळेल याची हमी नाही. सायकलला नाव, पत्ता, कुठून कुठे हे लिहिलेली चिठ्ठी घट्ट बांधावी. हँडल आणि पायडलना गोणपाट गुंडाळावे. घंटी, पंप, दिवा या निघणाऱ्या वस्तू काढून घ्याव्यात. पावती जपून ठेवावी, कारण उतरल्यावर ती दाखवल्याशिवाय सायकल मिळत नाही. आणि सायकल वेळेत सोडवून न्यावी, नाहीतर ठेवणावळ चढते. बुक न करता सायकल नेताना पकडले गेले तर लगेजच्या दराच्या सहापटीपर्यंत वसुली होऊ शकते.

वाचायला हे सारे ठीक वाटते. आता हा नियम आपल्या हॉल्टवर लावून बघा. हॉल्टवर लगेज ऑफिस नसते. पुष्कळ ठिकाणी रेल्वेचा नोकरही नसतो, गावातलाच कुणी एजंट कमिशनवर तिकिटे विकतो. तो तिकीट देईल, पण सायकलची पावती कुठून देणार? म्हणजे सायकल बुक करायची तर आधी मोठ्या स्टेशनवर जायला हवे. आणि मोठ्या स्टेशनवर सायकलने जाता येत असते तर गाडी कशाला लागली असती?

दुसरी गोष्ट भाड्याची. टाळेबंदीनंतर पॅसेंजर गाड्या स्पेशल आणि एक्स्प्रेस या नावांनी सुरू झाल्या आणि किमान तिकीट १० वरून ३० रुपयांवर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा १० रुपयांवर आले, हे चांगले झाले. पण दहा रुपयांच्या तिकिटावर जाणाऱ्या माणसाला सायकलच्या लगेजचे भाडे स्वतःच्या तिकिटाहून जड जाते. रोज जाणाऱ्याला मासिक पास मिळतो. त्याच्या सायकलीला पास नाही.

मेमू आली, मागचा डबा गेला

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या बहुतेक पॅसेंजरचे रूप बदलले. चाळीसगाव-धुळे मार्गावर डिसेंबर २०२१ मध्ये मेमू आली. भुसावळ-इगतपुरी मेमू धावते. मेमू चांगली गाडी आहे. झटकन वेग घेते, इंजिन बदलावे लागत नाही, दारे रुंद असतात. पण तिच्या दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. पूर्वीच्या पॅसेंजरला जोडलेला सामानाचा अर्धा डबा, सायकलची ती हक्काची जागा, मेमूत नाही. गार्डचे नावही बदलले, जानेवारी २०२२ पासून त्यांना 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. "गार्डसाहेब, टाकू का?" म्हणायची सोय राहिली नाही ती नाव बदलले म्हणून नव्हे. टाकायला जागाच उरली नाही म्हणून.

गंमत अशी की सायकल चढवायला मेमूचे रुंद दार जुन्या डब्याच्या अरुंद दारापेक्षा कितीतरी सोयीचे आहे. दाराजवळ उभ्याने जाणाऱ्यांसाठी मोकळी जागाही असते. अडचण राहते ती फलाटाची. उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंच असतो. पण अनेक हॉल्टवर फलाट म्हणजे रुळाच्या पातळीची मुरूम टाकलेली पट्टी. तिथून म्हाताऱ्या माणसाला नुसते चढायचे तरी वर हात देणारा लागतो, मग वीस किलोची सायकल कशी चढणार?

"आता सायकल चालवतोच कोण?" असेही काही जण विचारतील. घरोघर मोटरसायकली आल्या हे खरे. पण घरात मोटरसायकल असली तरी ती एक असते आणि तिची किल्ली कर्त्या पुरुषाच्या खिशात असते. मुलगी, सून, म्हातारा बाप, मजुरीला जाणारा भाऊ यांच्या वाट्याला सायकलच येते. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. दहावीनंतर हीच मुलगी तालुक्याच्या कॉलेजात जाते तेव्हा तिची सायकल घरी गंजत पडते, आणि गावात शेवटची एसटी चुकली की तिचे शिक्षण आईबापांच्या काळजीवर येऊन ठेपते.

एसटीवरच सारी भिस्त ठेवली तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात लहान स्टेशनांवरचे अनेक थांबेही बंद होते. एसटी नाही, पॅसेंजर नाही. अशा वेळी खासगी जीपच्या मागच्या फळीवर लटकून किती पोरे-पोरी गेल्या, हे गावोगावच्या लोकांना ठाऊक आहे. एक वाहन बंद पडले तर दुसरे हाताशी हवे. सायकल आणि रेल्वे यांची सांगड म्हणूनच मोलाची.

शहराला मिळते, खेड्याला का नाही?

सायकल गाडीत घेणे अशक्य असते तर गोष्ट वेगळी होती. पण आपल्याच राज्यात ते घडते आहे. नागपूर मेट्रोने सायकल डब्यात नेऊ दिली. पुणे मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यातही प्रवासी सायकल घेऊन चढले. मुंबईत एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या २-अ आणि ७ या मार्गांच्या गाड्यांत तर सायकल ठेवायची जागाच केलेली आहे. केरळात कोची मेट्रोने नोव्हेंबर २०२० मध्ये हीच मुभा दिली. वातानुकूलित, चकचकीत गाडीला सायकलचे वंगण चालते. मग पॅसेंजरलाच ते का चालू नये?

जपानमध्ये गुन्मा नावाच्या प्रांतात जोमो ही लहान खासगी रेल्वे आहे. मार्ग सुमारे २५ किलोमीटरचा, प्रवासी घटत चाललेले, म्हणजे आपल्या शाखामार्गांसारखीच स्थिती. त्या रेल्वेने गर्दीची वेळ सोडून इतर वेळी सायकल फुकट आत घेऊ दिली. प्रवासी दारापर्यंत सायकलने येतो, गाडीत ती धरून बसतो आणि उतरला की फलाटावरून थेट रस्त्याला लागतो. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या लोकलमध्ये २०१० पासून सायकलचे भाडे घेत नाहीत. ते देश श्रीमंत आहेत हे मान्य. पण डब्यातल्या दोन बाकांची जागा मोकळी करून चार पट्टे लावायला श्रीमंती लागत नाही.

आपल्याकडे रेल्वेला शेतमालाचे वावडे आहे असेही नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली. डिसेंबर २०२० मध्ये शंभरावी सांगोल्याहून गेली. डाळिंब, द्राक्षे, कांदा यांचे डबेच्या डबे भरून गेले. त्यात मोठ्या बागाईतदाराचा माल गेला याचा आनंदच आहे. पण ज्याचा माल एका कॅरियरवर मावतो, त्याच्यासाठी गाडीत कोपरा असू नये?

करता येण्याजोगे काही

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. सकाळच्या आणि संध्याकाळच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. तान्ही मुले घेतलेल्या बाया दाराशी उभ्या असतात. अशा वेळी सायकल आत घ्या म्हणणे हा आडमुठेपणा ठरेल. थांबा अर्ध्या मिनिटाचा, सायकल दारात अडकली तर गाडीला उशीर आणि मागच्या गाडीलाही उशीर. म्हणून मागणी करताना ती झेपेल अशीच करावी.

पहिली मागणी, दुपारच्या कमी गर्दीच्या मेमूत शेवटच्या डब्याचा एक कोपरा सायकलींसाठी राखावा आणि कोणता डबा ते बाहेरून ठळक लिहावे. दुसरी, मासिक पासाबरोबर सायकलीचाही स्वस्त पास द्यावा, म्हणजे रोज लगेज ऑफिसच्या रांगेत उभे राहावे लागणार नाही. तिसरी मागणी सर्वांत स्वस्त आणि बहुतेकांच्या खऱ्या उपयोगाची. प्रत्येक हॉल्टवर पत्र्याचे छप्पर आणि साखळी लावण्यासाठी लोखंडी नळ असलेला सायकल स्टँड. ज्याला सायकल पलीकडे न्यायची गरज नाही, त्याला ती संध्याकाळपर्यंत चोरीला जाणार नाही आणि उन्हात टायर तडकणार नाहीत, एवढे पुरते. मोठ्या स्टेशनांवर वाहनतळाचे ठेके निघतात. हॉल्टवर ठेकेदार येणार नाही, कारण तिथे कमाई नाही. तिथे ग्रामपंचायतीनेच पुढे व्हावे. जागा रेल्वेची असल्याने विभागीय कार्यालयाची परवानगी मात्र आधी घ्यावी.

चौथी गोष्ट मुळाची. थांबाच नसेल तर स्टँडही नको आणि कोपराही नको. २०२० नंतर ज्या लहान स्टेशनांवरचे थांबे गेले आणि परत आले नाहीत, ते मागताना केवळ त्या एका गावाची लोकसंख्या लिहू नये. बारा किलोमीटरच्या घेरातली सारी गावे, त्यांतली शाळा-कॉलेजची मुले, दूधवाले, पाळीचे कामगार यांची यादी जोडावी. हॉल्ट कुणाकुणाचे आहे, हे त्याशिवाय वर बसलेल्यांना कळणार नाही.

हे अर्ज जायचे कुठे? विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे. शिवाय प्रत्येक विभागाला रेल्वे उपयोगकर्त्यांची सल्लागार समिती असते. आपल्या भागातला तिचा सदस्य कोण हे शोधून त्याच्या हातीही एक प्रत द्यावी. खासदारांना एक द्यावीच. एकट्याचा अर्ज फायलीत जातो, दहा-बारा गावांचे ठराव एकत्र गेले तर निदान उत्तर तरी येते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. पाणी, घरकुल, रस्ता हे विषय तिथे असतातच. पुढच्या ग्रामसभेत त्यांच्याखाली आणखी एक ओळ लिहून घ्यावी: स्टेशनवर सायकल स्टँड आणि गाडीत सायकलीला जागा.